तिवई आणि तीनचाकी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण रेडिओ बंद करण्याच्या विचारांत असतील. ज्याचा सारा जन्म खडू आणि फळा ह्यांच्या सान्निध्यांत गेला, मॅट्रिकच्या परीक्षेपुढें ज्याचें शिक्षण सरकलें नाहीं, आणि ज्यानें चाळीस वर्षें सायकलीवांचून दुसरें वाहन हातीं धरलें नाहीं, अशा साठी उलटलेल्या शिक्षकानें अमेरिकेंतील वाळूच्या टेकड्यांवर धांवणाऱ्या यंत्रांविषयीं बोलावें, हें विचित्र दिसेल खरें. परंतु त्यांतल्या एका यंत्रानें माझ्या उजव्या टांचेवर आपली खूण उमटविली आहे. तेव्हां बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोंचतो, अशी माझी समजूत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत मिशिगन राज्यांत एका कारखान्यांत इंजिनियर आहे. शाळेंत असतांना गणितांत बेताचा, पण हातानें कांहीं करावयाचें असलें कीं सर्वांच्या पुढें, अशांतला तो मुलगा. त्यानें आग्रहानें आम्हां उभयतांस एका उन्हाळ्यांत दोन महिने आपल्या घरीं नेऊन ठेविलें. त्याच्या गॅरेजांत मोटारीच्या पलीकडे, चादरी पांघरून, दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. एक लहान, लाल रंगाची, १९७० नंतरच्या दशकांतली. दुसरी मोठी, १९८५ सालची. पहिलीवर मी बसलों. दुसरीवर बसण्याचें धाडस मला झालें नाहीं, आणि तें झालें नाहीं ह्याबद्दल मला मुळींच खेद वाटत नाहीं.

तीनचाकी म्हटल्याबरोबर आपणांस ऑटोरिक्षा आठवेल. ती क्षणभर बाजूस ठेवावी. हिला छप्पर नाहीं, दार नाहीं, समोर कांच नाहीं. मोटारसायकलीचें मधलें धड घ्यावें, त्याला पुढें एक आणि मागें दोन अशीं तीन चाकें लावावीं, व त्या चाकांवर रबराचे मोठाले फुगे चढवावे, म्हणजे ही गाडी झाली. स्वार घोड्यावर बसतो तसा दोहों बाजूंस पाय टाकून बसतो. हातांत रुंद हँडल असतें. परंतु वेग वाढविण्यासाठीं मोटारसायकलीसारखी मूठ पिळावयाची नसते. उजव्या आंगठ्याखालीं एक लहानशी पट्टी असते, ती दाबावयाची. आंगठा उचलला कीं वेग उतरला. होंडा कंपनीनें हिला ‘ऑल टेरेन सायकल’, म्हणजे कसल्याही भूमीवर चालणारी सायकल, असें नांव दिलें. त्याचीं आद्याक्षरें घेऊन लोक तिला एटीसी म्हणूं लागले.

हिचा जन्म हिंवाळ्याच्या पोटीं झाला. अमेरिकेच्या उत्तरेकडील भागांत बर्फ पडूं लागलें कीं मोटारसायकलींचा धंदा थंडावतो. त्या दिवसांत दुकानदारांस विकतां येईल असें कांहीं तरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकन शाखेनें १९६७ सालीं जपानांतील आपल्या संशोधन-विभागाकडे केली. काम ओसामु ताकेउची नांवाच्या इंजिनियराकडे आलें. त्यानें दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत नाना प्रकारचे नमुने करून पाहिले, व बर्फांत, चिखलांत आणि वाळूंत तीन चाकांचाच मेळ बरा बसतो असें ठरविलें. अडचण होती ती टायरांची. पाण्यांतून आणि जमिनीवरून सारखीच चालणारी एक सहाचाकी अमेरिकन गाडी त्या सुमारास निघाली होती. तिचे फुगीर, कमी हवेचे टायर त्याच्या हातीं आले आणि कोडें सुटलें. १९७० सालीं ही गाडी ‘यूएस ९०’ ह्या नांवानें ५९५ डॉलरांस विक्रीस आली. इंजिन ८९ सीसीचें, शक्ति अवघी ७ अश्वशक्ति. दोरी ओढून सुरू करावयाची. क्लच आपोआप चालणारा. धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा मुळींच नाहींत, कारण तें काम टायरच करीत. पुढच्याच वर्षीं, १९७१ सालीं, जेम्स बाँडच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ ह्या चित्रपटांत नायक असल्याच एका गाडीवर बसून पळ काढतांना जगानें पाहिला.

ह्या टायरांविषयीं दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण गाडीचा सारा गुण त्यांत सांठविलेला आहे. आपल्या मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास तीसएक पौंड दाबाची हवा असते. ह्या गाडीच्या टायरांत ती दोन ते तीन पौंड असते. हातानें दाबला तर टायर पिकल्या पेरूसारखा दबतो. त्यामुळें जमिनीवर त्याचा मोठा भाग टेकतो, गाडीचा भार पसरतो, आणि जेथें माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुतेल तेथून ही वरच्यावर निघून जाते. उंटाच्या पायाचा तळवा वाळूवर टेकतांना पसरतो, ही युक्ति निसर्गानें पूर्वींच केलेली आहे. माणसानें ती रबरांत उतरविली.

आतां मुद्द्याकडे वळूं. आपल्या घरीं लांकडी तिवई असेल तर ती डोळ्यांपुढें आणावी. चार पायांचें टेबल ओबडधोबड फरशीवर ठेवलें तर तें डुगडुगतें. एखाद्या पायाखालीं कागदाची घडी घालावी लागते. तिवई मात्र शेणानें सारवलेल्या खडबडीत जमिनीवरही कधीं डुगडुगत नाहीं. ह्याचें कारण भूमितींत आहे: कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच, मग ते कितीही उंचसखल असोत, चौथा बिंदु त्याच पातळींत येईल ह्याचा भरंवसा नसतो. म्हणून तीन पायांची वस्तु आपणांस फार स्थिर वाटते. पण त्याच तिवईवर बसून दोन पायांच्या मधल्या बाजूस अंग जरा झुकवून पाहावें. टेबल जेथें निश्चल राहिलें असतें, तेथें तिवई बसणाऱ्यास घेऊन आडवी होते. न डुगडुगणें हा एक गुण आणि न कलंडणें हा दुसरा गुण. ते दोन्ही एकच आहेत असें मन आपलें आपणच ठरवून टाकतें, आणि ह्या गाडीच्या सगळ्या इतिहासांत जें कांहीं वाईट घडलें त्याचें मूळ, माझ्या मतें, ह्या एका चुकींत आहे.

सायकल शिकतांना आपण सारे पडलों आहों. दोनचाकी गाडी उभीच राहत नाहीं. ती पहिल्या क्षणापासून सांगत असते कीं, बाबा, तुला येत नाहीं. तीनचाकी तसें कांहीं म्हणत नाहीं. ती उभी आहे, तिच्यावर कोणीही बसावें, आंगठा दाबावा आणि चालूं लागावें. दहा मिनिटांत माणसास वाटतें, आपणांस आलें. शाळेच्या भाषेंत बोलावयाचें तर ही गाडी प्रवेशपरीक्षा न घेतां एकदम वरच्या वर्गांत बसविते, आणि परीक्षा मागाहून, न सांगतां घेते.

माझी परीक्षा घराच्या मागील गवताच्या मैदानांत झाली. विद्यार्थ्यानें डोक्यावर शिरस्त्राण चढविलें, हातमोजे घातले, पायांत आपले जाड बूट घालावयास लाविले, आणि तीन वेळां बजाविलें, “गुरुजी, कांहीं झालें तरी पाय खालीं टेकावयाचा नाहीं. दोन्ही पाय पायठ्यांवरच राहिले पाहिजेत.” मीं मान डोलावली. असल्या माना माझ्यापुढें आयुष्यभर डोलल्या आहेत; त्यांची किंमत मला ठाऊक असावयास हवी होती.

पहिल्या दोन फेऱ्या सरळ गेल्या व मला मोठी मौज वाटली. हें तर मुलांचें खेळणें, असें मीं मनांत म्हटलें. मग मैदानाच्या टोकाशीं सफरचंदाचें झाड आलें, आणि मीं डावीकडे हँडल फिरविलें. पुढचें चाक वळलें. गाडी वळली नाहीं. ती पुढचें चाक फरफटवीत झाडाकडेच निघाली. हें असें कां झालें तें त्या वेळीं मला कळलें नाहीं; मागाहून विद्यार्थ्यानें अंगणांत काडीनें आकृति काढून तें मला समजाविलें, आणि जन्मांत पहिल्यानें आमच्या जागा बदलल्या.

कवायतींत मुलांची ओळ वळते तेव्हां काय होतें तें आठवावें. आंतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकीत धांवतो. मोटारीचीं मागचीं दोन चाकें वळणावर असेंच करतात. बाहेरचें अधिक फिरतें, आंतलें कमी फिरतें, आणि हा हिशेब संभाळण्यासाठीं मोटारीच्या मागील आंसांत डिफरन्शिअल नांवाची दांतेरी चक्रांची योजना असते. आपल्या ऑटोरिक्षांतही ती असते. ह्या जुन्या तीनचाकींत ती नाहीं. मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. म्हणजे कवायतींतले ते दोन मुलगे एकमेकांस कंबरेला बांधलेले. दोघांनीं सारख्याच ढांगा टाकावयाच्या. असल्या गाडीस सरळ जावयास फार आवडतें, व वळावयाचें तिच्या जिवावर येतें. ही योजना मुद्दामच केलेली आहे. चिखलांत एक चाक नुसतेंच गरगरत राहूं नये, दोहोंचा जोर सारखा लागावा, हा तिचा हेतु. पण त्याचें मोल वळणावर द्यावें लागतें.

तें मोल स्वारानें आपल्या शरीरानें द्यावयाचें असतें. वळतांना शरीर पुढें घेऊन वळणाच्या आंतल्या बाजूस झुकवावें, आणि त्याच वेळीं वजन मात्र बाहेरच्या पायठ्यावर तोलावें. असें केल्यानें आंतलें चाक हलकें होतें, जमिनीवर थोडें घसरूं लागतें, व दोन चाकांमधील भांडण मिटतें. वाळूंत, गवतांत, बर्फांत हें घसरणें सोपें. डांबरी सडकेवर टायर पकडून बसतो, चाक घसरत नाहीं, आणि गाडी कलंडते. म्हणून ही गाडी सडकेची नव्हे. जिला आपण कसल्याही भूमीवरची म्हणतों, तिला नेमकी तीच एक भूमि वर्ज्य आहे.

दुसरी गोष्ट तिवईचीच. वळणावर अंग बाहेर फेंकलें जातें हें आपण एस. टी. च्या गाडींत रोज अनुभवतों. चार चाकांची गाडी कलंडावयाची तर पुढचें व मागचें अशा एका बाजूच्या दोन चाकांवर कलंडते. तीनचाकींत ती रेषा पुढच्या एकट्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकापर्यंत तिरपी जाते. म्हणजे पुढें पुढें यावें तसतसा पायाखालचा आधार अरुंद होत जातो, तो टोंकाशीं शून्य. आतां एखाद्यानें वळणांतच ब्रेक दाबला तर काय होईल? ब्रेकामुळें भार पुढें धांवतो, आणि जेथें आधार सर्वांत अरुंद तेथें जाऊन पडतो. ह्यासाठीं वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं, गाडी सरळ असतांना.

मला ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. झाड जवळ आलें, मीं हँडल आणखी जोरानें फिरविलें, तेव्हां मात्र गाडी एकदम वळली, डावें मागचें चाक गवतावरून उचललें गेलें आणि मी उजवीकडे झुकलों. त्या क्षणीं माझ्या चाळीस वर्षांच्या सायकलीनें माझा घात केला. सायकल कलूं लागली कीं पाय टेकावा, ही शिकवण हाडांत मुरलेली. उजवा पाय आपोआप खालीं गेला. सायकलीच्या स्वाराच्या पायामागें मोकळी जागा असते. येथें पायाच्या मागें, थेट टांचेच्या रेषेंत, मागचें उजवें चाक फिरत येत असतें. तें माझ्या टांचेवर चढलें, बूट जमिनीशीं दाबला गेला, आणि मी गाडीवरून मागें ओढला गेलों. आंगठा सुटल्यामुळें गाडी चार हातांवर थांबली. वेग माणसाच्या धांवण्याएवढा, टायर मऊ, गाडी हलकी, बूट जाड. एवढ्या चार गोष्टी माझ्या बाजूनें होत्या म्हणून घोटा मुरगळण्यावर आणि टांच सोलण्यावर निभावलें. मोटारसायकलवाल्यांचे पाय ह्या गाडीनें मोडले ते ह्याच रीतीनें, असें विद्यार्थ्यानें बर्फाची पिशवी बांधतां बांधतां सांगितलें. माझ्या पत्नीनें जें सांगितलें तें रेडिओवर सांगण्यासारखें नाहीं.

ही झाली सात अश्वशक्तीची कथा. आतां मोठ्या गाडीविषयीं.

१९८१ सालीं होंडानें ‘एटीसी २५० आर’ ही गाडी काढली, आणि शेतकरी, शिकारी व सुटी घालविणारीं कुटुंबें ह्यांच्या वाहनाचें एकदम शर्यतीचें यंत्र झालें. २४८ सीसीचें टू-स्ट्रोक इंजिन, पुढें-मागें स्प्रिंगा, हातानें दाबावयाचा क्लच. १९८५ सालीं तिचें इंजिन पाण्यानें थंड होणारें झालें व गिअर सहा झाले. कावासाकीची ‘टेकाटे’ १९८४ सालीं आली, यामाहाची ‘ट्राय-झेड’ १९८५ सालीं. होंडानेंच त्या सालीं ‘३५० एक्स’ ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारांत आणली. जुन्या यंत्रांचे भक्त आज ज्यांचीं नांवें आदरानें घेतात त्या ह्याच गाड्या.

टू-स्ट्रोक इंजिन आपणांस अपरिचित नाहीं. पेट्रोलांत तेल मिसळून जुनी राजदूत किंवा बजाजची जुनी स्कूटर ज्यांनीं चालविली, त्यांस त्याचा धूर आणि आवाज आठवत असेल. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा स्वभाव मात्र वेगळा. त्याच्या धुराच्या नळीला मध्यें फुगवटा असतो. सिलिंडरांतून बाहेर पडलेली दाबाची लाट त्या फुगवट्याच्या पुढच्या टोंकावर आपटून माघारी येते, आणि न जळतां निसटलेलें मिश्रण पुन्हा आंत ढकलते. ही माघारी येणारी लाट नेमक्या वेळीं पोंचते ती इंजिनाचे फेरे एका ठराविक मर्यादेंत असतांना. त्याखालीं ती अवेळीं येते व इंजिन सुस्त वाटतें. त्यामुळें स्वार आंगठा दाबीत जातो, गाडी आज्ञाधारकपणें चालते, चालते, आणि मग लाटेची वेळ जुळली कीं एका पळांत दुप्पट जोर चाकांत उतरतो. ज्याला हें आधीं ठाऊक नाहीं त्याचे हात हँडलावरच राहतात, आणि बाकीचा तो मागें पडतो.

हें यंत्र कसें चालवावें तें मीं सिल्व्हर लेक येथें पाहिलें. मिशिगन सरोवर नांवाचें सरोवर, पण डोळ्यांस समुद्रच. त्याच्या पूर्वकांठीं वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या मोठाल्या टेकड्या आहेत, व त्यांतील एक भाग असल्या गाड्यांसाठीं राखून ठेविला आहे. प्रत्येक गाडीस उंच काठीवर निशाण लावावें लागतें. त्याचें कारण टेकडी पाहिल्यावर कळतें. वाऱ्याच्या बाजूस उतार मंद असतो आणि पलीकडे वाळू कड्यासारखी उतरलेली असते; माथ्यापलीकडे कोण येत आहे तें निशाणाखेरीज दिसत नाहीं. माझा विद्यार्थी पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, पण त्या गाडीवर तो बसलेला असा क्षणभरही दिसला नाहीं. चढावर तो छाती हँडलावर आणून पुढें वाकला, कारण चढावर हिचें पुढचें चाक हलकें होऊन आकाशाकडे पाहूं लागतें. उतारावर तो बैठकीच्या मागच्या टोंकास सरकला. आडव्या उतारावर त्याचें सगळें अंग टेकडीकडे ओणवें झालें. माथा आला कीं प्रत्येक वेळीं वेग उतरवून, तिरपें होऊन, पलीकडे पाहून मग तो उतरला. कांहीं तरुण आमच्या शेजारून वाऱ्यासारखे जात होते व माथ्यावरून उड्या घेत होते. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता.

ह्या गाडीची बैठक लांबलचक असते. पाहणाऱ्यास वाटतें, मागें आणखी एकजण सहज बसेल. ती लांबी दुसऱ्या माणसासाठीं नाहीं, एकाच माणसाच्या हालचालीसाठीं आहे. मागें कोणी बसलें कीं स्वारास सरकावयास जागा उरत नाहीं, चढावर भार मागें पडतो आणि गाडी उलटी होते. किती बापांनीं आपलीं मुलें ह्या जागेवर बसविलीं असतील, ह्याचा विचार करवत नाहीं.

आणि येथें मला तें सांगितलें पाहिजे, जें ह्या गाड्यांचे भक्त घाईघाईनें सांगतात व त्यांचे शत्रु फक्त तेवढेंच सांगतात. १९८० नंतरच्या पांचसात वर्षांत ह्या गाड्या अमेरिकेंत घरोघरीं झाल्या. अलास्कांतल्या रस्ते नसलेल्या खेड्यांत त्यांनीं खरी सेवा केली. शेतकऱ्यांस त्या उपयोगी पडल्या. पण त्याच बरोबर त्या मुलांच्या हातीं गेल्या. रुग्णालयांत जखमी येऊं लागले. १९८६ ह्या एका वर्षांत तीनचाकी व चारचाकी मिळून असल्या गाड्यांच्या अपघातांत सुमारें ८६ हजार माणसें तातडीच्या उपचारांसाठीं अमेरिकन रुग्णालयांत गेलीं, असा तेथील सरकारी आयोगाचा अंदाज होता. त्या दशकांत मृत्यु शेंकड्यांनीं मोजावे लागले, आणि त्यांत सोळा वर्षांखालील मुलांची संख्या फार मोठी होती. डिसेंबर १९८७ मध्यें सरकारनें न्यायालयांत धांव घेतली. एप्रिल १९८८ मध्यें प्रमुख कंपन्यांशीं झालेल्या तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. चारचाकी विकावयाच्या तर खरेदीदारास शिक्षण द्यावें, गाडीवर इशारे चिकटवावे, आणि ९० सीसीपेक्षां मोठी गाडी सोळा वर्षांखालील मुलास देऊं नये, ७० ते ९० सीसीची बारा वर्षांखालील मुलास देऊं नये, असें ठरलें. ती तडजोड दहा वर्षांची होती. पुढें २००८ सालच्या कायद्यानें नव्या तीनचाकी गाड्यांची आयात व विक्री पुन्हा बंद झाली. ज्या आधींच लोकांच्या घरीं होत्या त्या तशाच राहिल्या. म्हणजे आज ज्या धांवतात त्या जवळजवळ सगळ्या चाळिशीच्या घरांत आलेल्या किंवा ती उलटलेल्या आहेत.

दोष कोणाचा, हा वाद तेथें अजून चालतो. कांहीं म्हणतात, गाडी निर्दोष होती, चालविणारे अडाणी होते. मला हें पटत नाहीं. अडाण्यास आपण अडाणी आहों हें जी वस्तु कळूं देत नाहीं, ती पुरतीं निर्दोष नव्हे. कांहीं म्हणतात, गाडीच मृत्युरूप होती. तेंही मला पटत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याला मीं त्या टेकड्यांवर तिच्याशीं बोलावें तसा वागतांना पाहिलें आहे. मात्र ती गाडी पुन्हा बाजारांत यावी काय, असें मला कोणी विचारलें, तर मी नाहीं म्हणेन. हजारांत एकजण तिच्यासाठीं आपलें शरीर घडवील. बाकीचे आंगठा दाबतील.

विद्यार्थ्याची तयारी पाहण्यासारखी असते. निघण्यापूर्वीं अर्धा तास तो गाडीभोंवतीं फिरतो. चाकें हलवून आंसाचे बेअरिंग ढिले नाहींत ना हें पाहतो, साखळीचा ताण बघतो, चौकटीच्या सांध्यांस बोट लावून तडे शोधतो, जुन्या रबरास चिरा पडल्या आहेत कीं काय तें न्याहाळतो. हवेचा दाब मोजण्यास त्याच्यापाशीं निराळें मापक आहे, कारण मोटारीच्या मापकास दोन-तीन पौंड दिसतच नाहींत. आणि शेवटीं मागच्या दोन्ही टायरांचा घेर तो फितीनें मोजतो. अखंड आंसावरचीं चाकें. एकाचा घेर जरा कमी असला तरी गाडी सरळ रस्त्यांतही एका बाजूस ओढते.

त्याचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. लहान गाडी त्याला बापाच्या देखत चालवावयास मिळते. मोठीवर त्याचा डोळा. आम्हीं निघण्याच्या आदल्या आठवड्यांत तो माझ्या खोलींत आला, माझ्या पायाकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला, आणि आपल्या मोडक्या मराठींत म्हणाला, “आजोबा, तुम्ही बाबांना सांगा ना. तुमचें ते ऐकतील.” ऐकलें असतें हें खरें. माझ्या शब्दाबाहेर तो लहानपणींही नव्हता. मीं मुलाला म्हटलें, “दोन वर्षें आहेत. तुझ्या बाबांना मी हें सांगणार नाहीं.” तो रागावला. अमेरिकेंत मुलें रागावलीं कीं दार आपटून जातात, हाही गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी लंगडत गॅरेजांत गेलों, तों तो माझ्या पत्नीची शिवणकामाची फीत घेऊन लहान गाडीच्या मागें गुडघे टेकून बसला होता. डाव्या टायराचा घेर त्यानें मोठ्यानें वाचला, एकोणसत्तर इंच. उजव्याचा पाऊण इंच कमी भरला. बाप पायरीवर चहा पीत बसला होता. त्यानें वळून न पाहतांच म्हटलें, “पुन्हा मोज.”

मुलानें फीत सरळ केली आणि पुन्हा मोजूं लागला.